संकेत-प्रथिने, कोशिकापटलावरील

कोशिकेबाहेरून येणारा रासायनिक संदेश ओळखून तो आत पोहोचविणाऱ्या प्रथिनांना संकेत-प्रथिने म्हणतात. ती कोशिकापटलात (कोशिकेभोवतीच्या पातळ आवरणात) रुतलेली किंवा त्याच्या पृष्ठाशी जखडलेली असतात. त्यांचे कार्य त्यांच्या स्थानावर अवलंबून असते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होत गेले.

ऐतिहासिक आढावा : औषधे कोशिकेतील ‘ग्राही द्रव्या’शी संयोग पावून परिणाम घडवितात, ही कल्पना जे. एन्. लँग्ली यांनी १९०५ मध्ये मांडली. हॉर्मोनाचा संदेश कोशिकेच्या आत चक्रीय एएमपी हा दुय्यम दूत पुढे नेतो, असे ई. डब्ल्यू. सदरलँड यांनी दाखविले (नोबेल पारितोषिक १९७१). ग्राही व हा दूत यांना जोडणाऱ्या जी-प्रथिनांच्या शोधाबद्दल ए. जी. गिलमन व एम्. रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पटल म्हणजे मेदाचा प्रवाही थर असून त्यात प्रथिने तरंगत असतात, हे प्रतिमान एस्. जे. सिंगर व जी. एल्. निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले.

पटलापर्यंतचा प्रवास : अनेक प्रथिनांचा ‘पत्ता’ त्यांच्याच ॲमिनो अम्लांच्या क्रमात असतो, असे गुंटर ब्लोबेल यांनी सिद्ध केले (नोबेल पारितोषिक १९९९). अशी प्रथिने अंतर्द्रव्यजालिका व गॉल्जी पिंड यांतून सूक्ष्म पिटिकांमार्फत पटलाकडे जातात. रास प्रथिनाची रीत निराळी आहे. त्याच्या टोकाला मेदाची शेपटी जोडली गेल्यावरच ते पटलाच्या आतील बाजूस चिकटते. हे टोक नसल्यास विकृत रास प्रथिनाचीही कर्ककारक शक्ती नष्ट होते, असे १९८४ मध्ये आढळले. त्यावरून शेपटी जोडणाऱ्या एंझाइमास रोखणारी औषधे तयार झाली. परंतु के-रास प्रथिन दुसऱ्या प्रकारची मेदशेपटी स्वीकारते, त्यामुळे त्यांचा अपेक्षित उपयोग झाला नाही.

रोगांशी संबंध : पटकीच्या जंतूंचे विष आतड्यात द्रव साठविते, हे शंभुनाथ डे यांनी कोलकाता येथे १९५९ मध्ये सशांवरील प्रयोगांनी दाखविले. हे विष आतड्याच्या कोशिकांतील जी-प्रथिन सतत कार्यरत ठेवते. चक्रीय एएमपी वाढते आणि क्षार व पाणी बाहेर टाकले जाऊन रोग्याच्या प्राणावर बेतते, असा उलगडा पुढे झाला.

भारतातील संशोधन : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखाली रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू झाला. त्यातूनच पुढे बंगलोरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उदयास आले. तेथे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत शिकलेले सत्यजित मेयर यांनी राजत वर्मा यांच्यासह १९९८ मध्ये दाखविले की, मेददोरीने बाह्य पृष्ठाशी बांधलेली प्रथिने पटलावर सर्वत्र सारखी विखुरलेली नसून त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके असतात. एका पुंजक्यात फार तर चार रेणू असतात, असे २००४ मध्ये आढळले. पटलाखालील ॲक्टिन तंतू ऊर्जा खर्च करून हे पुंजके घडवितात, असेही २०१२ मध्ये दिसून आले. पटल हा निष्क्रिय पडदा नसून कोशिका स्वतःच त्याची रचना सतत घडवीत असते, असा याचा अर्थ होतो.