बिनपगारी अध्यक्ष: अमेरिकेच्या फिगर स्केटिंग संघटनेत उमेदवार कोण होतं?

गेल्या दोन लेखांत आपण फिगर स्केटिंगमधली ६.० गुणांची जुनी पद्धत पाहिली. बर्फावरच्या या खेळाचा निकाल घड्याळ किंवा मोजपट्टी लावत नाही. कडेला बसलेले परीक्षक लावतात. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी पीएच.डी.साठी हाच प्रश्न घेतला: माणसं गुण देतात तेव्हा त्या आकड्यांत आणखी काय काय मिसळतं? आकडे तपासता तपासता एका टप्प्यावर लक्षात येतं की आकड्यांमागे माणसं आहेत आणि माणसांमागे एक संघटना. म्हणून आज आकडे जरा बाजूला ठेवू आणि इतिहास बघू.

अमेरिकेत हा खेळ टीव्हीवर लाखो घरांत पाहिला जातो. मग तिथल्या राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष कोण असतो? एक बिनपगारी माणूस. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, आणि उरलेल्या वेळात देशाचा खेळ चालवायचा. कार्यालयात पगारी कर्मचारी आहेत, त्यांच्यावर पगारी कार्यकारी प्रमुख आहे. पण धोरण ठरवणारं संचालक मंडळ आणि अध्यक्ष हे स्वयंसेवक. रीतसर निवडणूक होते, मतं पडतात. माझं म्हणणं असं, की खरी निवड मतदानाच्या कितीतरी आधी झालेली असते. उमेदवारीपर्यंत पोचतं कोण, तिथेच ती होते. याचा फायदा आणि तोटा दोन्ही या खेळाने भरपूर किंमत मोजून अनुभवले आहेत.

दोरी बाळगणारे सभासद

सुरुवात क्लबांपासून झाली. फिलाडेल्फियात १८४९ मध्ये स्केटिंग क्लब निघाला. तेव्हा कृत्रिम बर्फाची रिंक नव्हती. हिवाळ्यात नदी गोठली की लोक तिच्यावरच उतरत. बर्फ फुटून माणसं बुडत. म्हणून क्लबाच्या सभासदांनी जवळ दोरी बाळगायची आणि कुणी पाण्यात पडलं तर ओढून काढायचं, असा शिरस्ता होता. १८६१ मध्ये हा क्लब बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या एका संस्थेत मिसळला, आणि त्याच्या नावातच ती संस्था आली. सभासद म्हणजे खेळणारा आणि शिवाय कामाला हात लावणारा, ही समजूत इतकी जुनी आहे.

अशा सात क्लबांनी मिळून १९२१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पहिले अध्यक्ष ए. विन्सर वेल्ड बोस्टनचे. पुढची अनेक वर्षं कार्यालयही बोस्टनलाच होतं; १९७९ मध्ये ते कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेलं. ही संघटना सरकारने काढलेली नाही, कुण्या उद्योगपतीनेही नाही. क्लबांची मिळून झालेली ही संघटना. त्यामुळे तिची सत्ता क्लबांच्या प्रतिनिधींकडे राहिली. आजही दरवर्षी प्रतिनिधींची सर्वसाधारण सभा भरते. नियम बदलायचे असोत की पदाधिकारी निवडायचे असोत, शेवटचा शब्द तिचा.

शिडी आणि चाळणी

आता उमेदवार कसा तयार होतो ते बघा. बहुतेकांची सुरुवात स्वतः खेळण्यातून किंवा मुलगा-मुलगी खेळत असल्यामुळे होते. पहाटे मुलीला रिंकवर सोडणारी आई क्लबच्या स्पर्धेत मदत करू लागते. मग कुणीतरी सुचवतं, परीक्षक व्हा ना! आधी क्लबच्या पातळीवरच्या चाचण्या तपासायच्या, मग विभागीय स्पर्धा, मग राष्ट्रीय. प्रत्येक पायरीला प्रशिक्षण, परीक्षा आणि वरिष्ठांचं मत. जोडीला समित्यांवरचं काम. वीस-पंचवीस वर्षं अशी गेली की माणूस 'अध्यक्षपदाला योग्य' दिसू लागतो. उमेदवार सुचवण्यासाठी एक समिती असते. ती आपली यादी सभेपुढे ठेवते. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीचं नाव आधीच 'ठरलेलं' असतं आणि हात वर करणं बाकी असतं, हे आपल्याला काही नवीन नाही.

ही शिडी माझ्यासारखीला चाळणीसारखी दिसते. संख्याशास्त्रात आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात की नमुना कसा निवडला ते आधी विचारा, निष्कर्ष मग. इथल्या चाळणीची भोकं दोन गोष्टींनी ठरतात: वेळ आणि पैसा. परीक्षकाला प्रवास-मुक्कामाचा खर्च मिळतो, मानधन नाही. पाच दिवस रजा काढून दुसऱ्या राज्यात जाणं रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. म्हणून वरपर्यंत पोचणारे मुख्यतः सुस्थितीतले लोक.

तिसरं भोक तर मुद्दाम बुजवलेलं होतं. हा खेळ हौशींचा, असा जुना बाणा. शिकवण्याचे पैसे घेतले की माणूस 'व्यावसायिक' ठरायचा, आणि व्यावसायिकाला परीक्षकाच्या खुर्चीवर जागा नसे. म्हणजे रोज आठ तास बर्फावर उभं राहून ज्यांना हा खेळ सगळ्यात जास्त कळतो, ते प्रशिक्षकच शिडीबाहेर. त्यांनी १९३८ मध्ये स्वतःची वेगळी संघटना काढली. खेळाचा कारभार मात्र हौशींकडेच राहिला.

१९६१: शिडीच कोसळली

या व्यवस्थेला नावं ठेवण्याआधी तिची दुसरी बाजू पाहायला हवी. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी न्यू यॉर्कहून निघालेलं सबेना कंपनीचं विमान ब्रुसेल्सजवळ कोसळलं. विमानातले सगळे ७२ जण गेले, जमिनीवर एक शेतकरी गेला. प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेला अमेरिकेचा अख्खा संघ त्यात होता: १८ स्केटर, आणि त्यांचे प्रशिक्षक, नातेवाईक, पदाधिकारी मिळून आणखी १६ जण. ती जागतिक स्पर्धाच रद्द झाली.

आपण खेळाडूंची नावं आठवतो. पण त्या यादीत वॉल्टर पॉवेल होते, संघटनेचे माजी अध्यक्ष, वय ऐंशीच्या पुढे, पंच म्हणून निघालेले. हॅरल्ड हार्टशॉर्न होते. स्वतः कधीकाळी बर्फावरच्या नृत्याचे राष्ट्रीय विजेते, आता परीक्षक, पत्नीसह. परीक्षक एडी लमेअर होते, लहान मुलासह. संघव्यवस्थापक डीन मॅकमिन होते. हे सारे बिनपगारी. एका सकाळी खेळाडूंची एक पिढी गेली, आणि खेळ चालवणाऱ्यांच्या शिडीच्या वरच्या पायऱ्याही गेल्या.

त्यानंतर संघटना उभी केली तीही बिनपगारी माणसांनीच. रॉचेस्टरचे उद्योजक एफ. रिटर शमवे यांच्यावर अध्यक्षपदाची जबाबदारी आली. गेलेल्यांच्या नावाने त्यांनी त्याच वर्षी निधी उभारला, तो होतकरू खेळाडूंच्या शिक्षणा-प्रशिक्षणासाठी. त्याचा लाभ मिळालेल्या मुलींपैकी एक पेगी फ्लेमिंग. तिचा प्रशिक्षक बिल किप त्याच विमानात होता. १९६८ च्या ग्रनोबल ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक घेतलं. तो निधी आजही चालू आहे. पगारी व्यवस्थापकांना हे जमलं नसतं असं मी म्हणणार नाही. पण गेलेली माणसं ज्यांची मित्रमंडळी होती, त्यांनीच हे काम अंगावर घेतलं. शिडी लांब असल्याचा फायदा हा. वर पोचलेला माणूस या खेळात आणि खेळातल्या माणसांत मुरलेला असतो.

१९९४: पत्रकारांच्या गराड्यात

तोटा कळायला तीस-एक वर्षं जावी लागली. क्लेअर फर्ग्युसन १९९२ मध्ये अध्यक्ष झाल्या, संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्याही परीक्षकांच्या शिडीवरूनच आलेल्या. ६ जानेवारी १९९४ ला डेट्रॉइटमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी नॅन्सी केरिगनच्या गुडघ्याच्या वर दंडुक्याने वार झाला. स्पर्धा टोन्या हार्डिंगने जिंकली, आणि काही दिवसांतच संशयाची सुई हार्डिंगच्या घरापर्यंत गेली.

आता विचार करा. कारखान्याच्या मालकासमोर असं संकट आलं तर वकिलांची फौज उभी राहते. इथे निर्णय घ्यायचा होता स्वयंसेवकांनी. संघटनेने पाच जणांचं चौकशी मंडळ नेमलं, विल्यम हिबल त्याचे प्रमुख. ५ फेब्रुवारीला त्यांनी सांगितलं की शिस्तभंगाच्या कारवाईला पुरेसं कारण दिसतं. तिकडे हार्डिंगने अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीवर अडीच कोटी डॉलरचा दावा लावला, तडजोड झाली आणि ती लिलेहामरला खेळली, आठवी आली. मार्चमध्ये तिने तपासात अडथळा आणण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला. ३० जूनला संघटनेने तिचं राष्ट्रीय विजेतेपद काढून घेतलं आणि तिच्यावर आजन्म बंदी घातली.

माझ्या मते फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाई न करता, नियमाने काम केलं. पण एक गोष्ट उघडी पडली. परीक्षक म्हणून चाळीस स्पर्धा तपासल्याने न्यायालय, करार, टीव्ही आणि गुन्हेगारी तपास हाताळता येतोच असं नाही. शिडी एका कामाची तयारी करून घेते, खुर्चीवर बसल्यावर काम दुसरंच असतं.

२००२: परीक्षकच उमेदवार

सगळ्यात खोल दुखणं मात्र आंतरराष्ट्रीय पातळीवर बाहेर आलं. सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात रशियाच्या बेरेझ्नाया-सिखारुलिद्झे यांना नऊपैकी पाच परीक्षकांनी पहिलं ठरवलं, कॅनडाच्या साले-पेल्तिए यांना चौघांनी. पाचांपैकी एक होत्या फ्रान्सच्या मारी-रेन ल गून्य. स्पर्धेनंतर त्यांनी आपल्यावर स्वतःच्या राष्ट्रीय संघटनेचा दबाव होता असं सांगितलं, आणि नंतर ते फिरवलंही. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. ल गून्य आणि फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष दिदिए गेलागे यांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा. ल गून्य त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तांत्रिक समितीवर निवडून येण्यासाठी धडपडत होत्या, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. समितीवर जायचं तर आपल्या देशाच्या संघटनेने नाव पुढे करावं लागतं आणि इतर देशांनी मत द्यावं लागतं. म्हणजे खुर्चीवर बसून गुण देणारी व्यक्ती एकाच वेळी परीक्षक आणि उमेदवार. ज्यांच्या खेळाडूंना ती गुण देते, त्यांचीच मतं तिला हवीत! दबाव खरोखर आला की नाही, हा वाद क्षणभर सोडून द्या. रचनाच अशी आहे की दबावाला दार उघडं आहे.

आणि गैरप्रकार उघड करणाऱ्यांचं काय झालं? ब्रिटनच्या सॅली स्टेपलफर्ड तांत्रिक समितीच्या अध्यक्ष होत्या. ल गून्य यांची कबुली त्यांनी हॉटेलात ऐकली होती. चारच महिन्यांनी क्योटोच्या अधिवेशनात त्या निवडणूक हरल्या. त्या जोडी स्पर्धेचे पंच होते अमेरिकेचे रॉन फेनिंग. त्यांनी मार्च २००३ मध्ये स्टेपलफर्ड आणि इतरांसह नवी जागतिक संघटना जाहीर केली. एकही राष्ट्रीय संघटना जुनी सोडून त्यांच्याबरोबर गेली नाही. आपले खेळाडू ऑलिंपिकला मुकतील ही भीती सगळ्यांनाच होती. जुन्या संघटनेची दारं मात्र या मंडळींना बंद झाली.

मग बदललं काय?

बदल मतपेटीतून फारसा आला नाही, बाहेरून आला. अमेरिकेच्या १९७८ च्या हौशी क्रीडा कायद्याने राष्ट्रीय संघटनांच्या मंडळांवर किमान २० टक्के मतं खेळाडूंची असली पाहिजेत असं ठरवलं. खेळाडू म्हणजे सध्या खेळणारे किंवा गेल्या दहा वर्षांत देशासाठी खेळलेले. जिम्नॅस्टिक्समधल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणानंतर २०२० च्या कायद्याने हे प्रमाण एक तृतीयांशावर नेलं. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी संघटनेबाहेरच्या स्वतंत्र केंद्राकडे गेली. बिनपगारी माणसांवर अविश्वास म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. एकाच शिडीवरून आलेल्या लोकांना एकमेकांची चौकशी करायला लावणं, हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे.

एक तृतीयांश जागांमुळे चाळणीला नवं भोक पडलं. पंचविशीतला खेळाडू वीस वर्षं चाचण्या न तपासता मंडळावर बसू शकतो. त्याच्याकडे वेळ कमी, अनुभव कमी. पण निर्णयाचे परिणाम त्याच्या अंगावर ताजे आहेत.

तेव्हा कुठल्याही संघटनेची उमेदवारांची यादी हाती आली, मग ती खेळाची असो, ग्रंथालयाची असो की सोसायटीची, तर नावांच्या आधी तीन गोष्टी पाहा. हे पद फुकट करणं कुणाला परवडतं? इथवर येताना कुणाची मर्जी सांभाळावी लागली? आणि ज्यांना हे काम सगळ्यात जास्त कळतं, त्यांपैकी कोण या यादीत येऊच शकत नाही? उत्तरं वाईटच येतील असं नाही. शमवेही याच चाळणीतून आले होते.

पुढच्या लेखात परत आकड्यांकडे वळू: २००४ मध्ये ६.० ची पद्धत जाऊन नवी गुणपद्धती आली, तेव्हा कुठल्या परीक्षकाने किती गुण दिले हे गुप्त ठेवलं गेलं, ते थेट २०१६ पर्यंत. गुप्ततेने दबाव कमी झाला, की फक्त दिसेनासा झाला, हे कसं तपासायचं ते पाहू.