सातपुड्यांतील रक्ताचा वारसा

राजवंशाच्या रक्ताला इतिहासांत फार मान. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या वंशांत हिमोफिलिया शिरला, म्हणजे जखमेंतून वाहणारें रक्त वेळेवर गोठेना. तो तिच्या नातीवाटें रशियाच्या युवराजापर्यंत गेला, आणि त्यावर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. आमच्या खानदेशांत, सातपुड्याच्या कुशींत, भिल्ल व पावरा यांच्या घरीं रक्ताचा दुसरा एक रोग असाच पिढ्यानुपिढ्या उतरत आला आहे. पहिल्या रोगांत रक्त वाहूं लागलें कीं थांबत नाहीं; ह्यांत तें वाहतां वाहतां अडतें. रक्तांतील गोल तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात आणि मूल हाडांच्या ठणक्यानें रात्रभर कण्हतें. ह्यास सिकलसेल म्हणतात.

आतां आमच्या प्रांताच्या दप्तरांत ह्याचा शोध घ्यावा तर काय दिसतें? १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्यें जेम्स आउट्राम यानें भिल्लांची पलटण उभारली, तिचें ठाणें धरणगांवीं होतें. १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत भिल्लांवर पानेंच्या पानें खर्चीं पडलीं. त्यांच्या बंडांची व चालीरीतींची बारकाईनें नोंद झाली. जंगलपट्टीच्या हिंवतापाचीहि झाली. ताप साहेबालाहि येई, म्हणून असेल! पोराच्या ठणक्याची दखल घेण्यास मात्र फार काळ जावा लागला. शिकागोच्या हेरिक यांनीं विळ्यासारख्या पेशींचें पहिलें वर्णन १९१० सालीं छापलें. हिंदुस्थानांत त्या निलगिरीच्या आदिवासींत १९५२ मध्यें आढळल्या.

पुढें १९५४ मध्यें अॅलिसन यांनीं आफ्रिकेंत जें दाखविलें, त्यानें ताप व ठणका यांचा संबंध उलगडला. आईबापांपैकीं एकाकडूनच हा अंश आलेलें मूल बहुधा निरोगी असतें. इतकेंच नव्हे, तर जीवघेण्या हिंवतापांतून तें अधिक वांचतें. म्हणून तापाच्या मुलखांत हा अंश टिकला. दोन्हीकडून आला कीं त्याचाच रोग होतो. तेव्हां ह्यास भिल्लांच्या रक्तांतील खोट म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. लुटारू म्हणून ज्यांना एकदां दप्तरीं डागलें, त्यांना हा दुसरा डाग कशाला? विदर्भांत इतर समाजांतहि हा रोग आहे. आणि सुनेकडे बोट दाखविणारी सासू अर्धेंच शास्त्र जाणते: रोगाचा अर्धा वांटा तिच्याच लेकाकडून आलेला असतो.

दोघेहि वाहक असलेल्या दंपतीच्या प्रत्येक मुलास रोगाचा संभव चारांत एक. थेंबभर रक्तावर पहिली तपासणी होते, आणि १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें ती आदिवासी मुलखांत घरोघर नेण्याचें ठरविलें. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनीं ठणक्याचे झटके कमी होतात. पण त्या रोज घ्याव्या लागतात, व मधून मधून रक्त तपासून घ्यावें लागतें. शिरपूर-चोपड्याच्या डोंगरांतल्या पाड्यावरून, पावसाळ्यांत नाला भरून वाहत असतां, पुढल्या महिन्याच्या गोळ्या आणावयास खालीं कोणी उतरावयाचें, हें त्या घरच्या आईलाच ठरवावें लागतें.