मूत्रमार्ग जंतुसंक्रामण, आवर्ती
मूत्रमार्गाचे जंतुसंक्रामण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा उद्भवल्यास ते आवर्ती समजतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांच्यात ते अधिक आढळते. त्यास बहुधा कारणीभूत असणाऱ्या आतड्यातील सूक्ष्मजंतूचे वर्णन टेओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये केले. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात आर्टूर निकोलाइअर यांनी मेथेनामीन वापरात आणले; अम्लीय मूत्रात त्यापासून सुटणारे फॉर्माल्डिहाइड जंतुनाशक असते. सल्फा औषधे व प्रतिजैविके आल्यावर ते मागे पडले. तथापि प्रतिजैविकांच्या दीर्घ वापराने जंतूंत प्रतिरोध वाढला. ब्रिटनमधील २४० स्त्रियांवरील परीक्षणात (२०२२) मेथेनामीन हे दैनंदिन प्रतिजैविकास योग्य पर्याय ठरू शकते, असे दिसून आले. कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर अधिक पाणी घेतल्यास पुनरुद्भव सुमारे निम्म्याने घटतो, हे २०१८ मध्ये आढळले.