सॅम पित्रोदा आणि गावातला टेलिफोन



उद्योजकाचे चरित्र अभ्यासताना आपण सहसा त्याच्या कंपनीचा आकार पाहतो. सॅम पित्रोदा यांच्याबाबतीत ते माप अपुरे पडते. त्यांचे भारतातील सर्वांत महत्त्वाचे काम एका सरकारी संस्थेत झाले आणि त्यासाठी त्यांनी वर्षाला एक रुपया वेतन घेतले. मात्र ती संस्था त्यांनी चालवली ती अमेरिकेतील नव्या कंपनीच्या पद्धतीने. या मिश्रणातून काय साधले आणि काय साधले नाही, हे या पाठात पाहू.

सत्यनारायण गंगाराम पित्रोदा यांचा जन्म 1942 साली ओडिशातील टिटिलागड येथे एका गुजराती सुतार कुटुंबात झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन 1964 साली ते शिकागोला गेले. तेथे विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवल्यावर 1966 पासून ते जीटीई या दूरध्वनी कंपनीत काम करू लागले. 'सॅम' हे नाव अमेरिकेतलेच.

येथे थोडा तांत्रिक भाग समजून घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. टेलिफोन एक्सचेंजचे काम म्हणजे हजारो ग्राहकांपैकी कोणाचीही तार हवी तेव्हा दुसऱ्या कोणाच्याही तारेशी जोडणे. पूर्वी हे काम खटखट हलणारे यांत्रिक भाग करीत. त्यात धूळ अडकली, दमट हवेने संपर्क बिघडला, की चुकीचे नंबर लागत. 1970 च्या दशकात आवाजाचे अंकांत रूपांतर करून, मायक्रोप्रोसेसरच्या साहाय्याने जोडणी करणारी डिजिटल एक्सचेंजे येऊ लागली. पित्रोदा 1974 साली वेस्कॉम स्विचिंग या नव्या कंपनीच्या उभारणीत सामील झाले आणि तेथे त्यांनी असेच एक डिजिटल एक्सचेंज घडवले. 1980 साली रॉकवेल इंटरनॅशनलने वेस्कॉम विकत घेतली. पित्रोदा श्रीमंत झाले आणि रॉकवेलमध्ये उपाध्यक्षही. बहुतेक चरित्रे येथे संपली असती.

1981 साली ते दिल्लीला आले असता हॉटेलमधून शिकागोला घरी फोन लागेना. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पण एका पाहुण्याचा फोन न लागणे हे फार तर निमित्त. कारण त्याहून मोठे होते. त्या वेळी देशात शंभर माणसांमागे अर्धासुद्धा फोन नव्हता. जे होते त्यांतील बहुसंख्य शहरांत होते आणि नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. सरकारने फ्रेंच कंपनीकडून डिजिटल एक्सचेंजचे तंत्रज्ञान घेण्याचा करार केला होता. त्याचा कारखाना उत्तर प्रदेशातील मनकापूरला उभा राहत होता. ती यंत्रे मोठ्या शहरांना साजेशी होती. दोनशे घरांच्या गावात, जेथे वीज मधूनच जाते आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर पोहोचतो, तेथे त्यांचा काय उपयोग?

पित्रोदांचे वेगळेपण मला या प्रश्नाच्या मांडणीत दिसते. 'देशात फोन किती?' याऐवजी त्यांनी 'फोनपर्यंत किती लोक पोहोचू शकतात?' असे विचारले. गावात एकच फोन असला, पण तो चालू असला आणि सर्वांना वापरता आला, तरी गाव जोडले जाते.

ऑगस्ट 1984 मध्ये सी-डॉट, म्हणजे सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, स्थापन झाले. सरकारला दिलेले वचन होते 36 महिने आणि 36 कोटी रुपये. मात्र पित्रोदा कोऱ्या पाटीवर लिहीत नव्हते, हे ध्यानात ठेवा. दूरसंचार खात्याच्या संशोधन केंद्रात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डिजिटल स्विचिंगवर आधीपासून काम चालू होते. टाटा संस्थेतील प्रा. मा. वि. पिटके आणि दूरसंचार खात्यातील जी. बी. मीमांसी यांचा सी-डॉटच्या उभारणीत मोलाचा वाटा आहे. वृत्तपत्रांना एक चेहरा हवा असतो, म्हणून ही नावे मागे पडली. पित्रोदांनी आणले ते राजकीय पाठबळ, मुदतीची घाई आणि विशीतल्या अभियंत्यांवर जबाबदारी टाकण्याची हिंमत. फाइल वरपर्यंत जाऊन परत येण्याची वाट न पाहता निर्णय घेणे ही त्या काळच्या सरकारी संस्थेत विलक्षण गोष्ट होती.

पहिले ठळक यश म्हणजे 128 पोर्टांचे ग्रामीण एक्सचेंज. ते वातानुकूलनाशिवाय चाले आणि एका लहान खोलीत मावे. 1986 साली कर्नाटकातील कित्तूर येथे ते बसवण्यात आले. सी-डॉटने स्वतः कारखाना काढला नाही. आराखडे सरकारी आणि खाजगी उत्पादकांना परवान्यावर दिले. त्यामुळे सुटे भाग बनवणारे अनेक लहान उद्योग देशात उभे राहिले.

दुसरे यश यंत्राचे नाही, व्यवस्थेचे. एसटीडी-पीसीओ बूथ! किराणा दुकानाच्या कोपऱ्यात मीटर लावलेला फोन, बाहेर पिवळी पाटी, आणि चालकाला कॉलमागे कमिशन. अनेक ठिकाणी अपंग व्यक्तींना हे बूथ प्राधान्याने मिळाले. रात्री उशिरा दर उतरत, तेव्हा परगावी नोकरीला असलेल्यांची तेथे रांग लागे. तुमच्या घरातील मोठ्यांना विचारा, ते सविस्तर सांगतील. 'पोहोच' ही कल्पना लोकांच्या रोजच्या जगण्यात उतरली ती या रांगेतून.

आता दुसरी बाजू. शहरांसाठी हजारो लाइनींचे मोठे एक्सचेंज ठरलेल्या मुदतीत तयार झाले नाही. त्याला आणखी काही वर्षे लागली. लहान एक्सचेंजच्या अनुभवावरून मोठ्याचा अंदाज बांधणे चुकले, हे मान्य करावे लागते. 1989 साली दूरसंचार आयोग स्थापन झाला आणि पित्रोदा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षअखेर राजीव गांधींचे सरकार गेले. नवे दळणवळणमंत्री के. पी. उन्नीकृष्णन यांच्याशी त्यांचा उघड संघर्ष झाला आणि सी-डॉटच्या कामाची तपासणी करण्यासाठी समिती नेमली गेली. ज्या राजकीय पाठबळामुळे काम वेगाने झाले, तेच नाहीसे होताच संस्था उघडी पडली. 1990 साली पित्रोदांना हृदयविकाराचा झटका आला आणि पुढे ते शिकागोला परतले. भारतात काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकी नागरिकत्व सोडले होते, हे लक्षात घेतले तर या परतीचा कडवटपणा कळेल.

त्यानंतरची वाट त्यांनी आखलेली नव्हती. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा दिली, 1995 साली मोबाइल आला आणि पुढच्या दीड-दोन दशकांत पीसीओच्या पिवळ्या पाट्या उतरल्या. प्रत्येकाच्या खिशात फोन येणार हे 1984 साली कोणाच्याच योजनेत नव्हते. सी-डॉट मात्र टिकले. भारत संचार निगमच्या स्वदेशी 4जी जाळ्यातील मध्यवर्ती प्रणाली, म्हणजे 'कोअर', याच संस्थेने विकसित केली आहे.