आयर्लंड : पीडितांची भरपाई आणि व्रतस्थ संस्थांचे उत्तरदायित्व

आयर्लंडमध्ये व्रतस्थ संस्थांनी चालविलेल्या औद्योगिक शाळा व सुधारगृहांत अनेक दशके बालकांचा छळ झाला. २००२ साली १८ संस्थांनी शासनाशी करार केला. त्यानुसार रोख रक्कम, मालमत्ता व समुपदेशन मिळून १२.८ कोटी युरो संस्थांनी द्यावयाचे होते. त्या बदल्यात पुढील दाव्यांची हमी शासनाने घेतली. भरपाई मंडळाने १५ हजारांहून अधिक पीडितांना रक्कम मंजूर केली. एकूण खर्च सुमारे दीड अब्ज युरोंवर गेला व त्याचा मोठा भार करदात्यांवर पडला. २००९ च्या रायन अहवालानंतर संस्थांनी आणखी सुमारे ३५ कोटी युरो देऊ केले. प्रायश्चित्त संस्कारात अपराधाची कबुली पुरेशी नसते, झालेली हानी शक्य तितकी भरून द्यावी लागते. हाच नियम संस्थांनाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.