घरचा माग, परक्याची उचल

स्वतःच्या घरात, स्वतःच्या साधनांनी आणि स्वतःच्या वेळेने चालविलेल्या उद्योगाविषयी माणसाच्या मनात एक स्वाभाविक ओढ असते. दुसऱ्याची चाकरी नाही, घंटेची सक्ती नाही, आणि मिळेल ते आपले, असे त्याचे चित्र रंगविले जाते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. त्याची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर भारतातील हातमागाच्या इतिहासाइतका बोलका साक्षीदार दुसरा मिळणार नाही. कारण या देशात जितकी माणसे जितकी शतके घरी बसून कापड विणीत आली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या कारागिरीत गुंतलेली असतील.

विणकराचे घर म्हणजे अर्धे घर आणि अर्धा कारखाना. माजघराच्या एका कडेला जमिनीत खड्डा खणलेला. त्यात पाय सोडून पावड्या चालवावयाच्या आणि हातांनी धोटा फेकावयाचा. ताणा लांबलचक असे. तो घरात मावत नसे, म्हणून गल्लीत किंवा झाडांच्या सावलीत पसरून त्याला खळ लावीत. काशीच्या कबीराने परमार्थ सांगितला तोही विणकराच्या घरात राहूनच. आणि ताण्याबाण्याची भाषा त्याच्या वाणीत इतकी सहज उतरली, याचे कारण तो ताणाबाणा त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा होता.

मागावर बसणारा बहुधा एकच असे. पण माग चालवीत असे सगळे घर. म्हातारी माणसे सुताच्या गुंड्या उलगडीत, मुले कांड्या भरीत, आणि सूत पुरविण्याचे काम तर विणकराच्या घरापलीकडे गावोगावच्या स्त्रियांकडे असे. फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 ते 1814 या काळात बंगाल-बिहारच्या जिल्ह्यांची पाहणी केली. पाटणा शहर व त्याच्या परिसरातील बिहार जिल्हा एवढ्याच भागात त्याने सूत कातणाऱ्या स्त्रियांची संख्या 3,30,426 धरली आहे. यांतील बहुतेक जणी दुपारचे काही तासच चरख्यावर बसत. आणि कापसाची किंमत वजा जाता वर्षाकाठी प्रत्येकीच्या पदरी सरासरी 3 रुपये 4 आणे पडत. रक्कम लहान खरी. परंतु ती घर न सोडता, रांधणेवाढणे सांभाळून मिळालेली होती.

घरच्या उद्योगाचे खरे पारितोषिक हेच होते. माग स्वतःचा, कसब स्वतःचे, आणि ते कसब बापाकडून मुलाकडे कोणत्याही शाळेवाचून उतरत असे. परंतु या स्वातंत्र्याबरोबर काही ओझीही येत. सूत आधी विकत घ्यावे लागे आणि कापडाचे पैसे मागाहून हाती येत. तलम वस्त्राचे एकेक ठाण पुरे व्हावयास महिने लागत. तेवढे दिवस चूल तर पेटावयास हवी. म्हणजे साधन आणि कौशल्य असूनही विणकराजवळ एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे थांबण्याची ताकद. ती उणीव व्यापाऱ्याच्या उचलीने भरून निघे. बंगालमध्ये या आगाऊ रकमेला 'दादनी' म्हणत.

ही उचल मुळात गुलामगिरी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. दक्षिण भारतात अठराव्या शतकात अशी वहिवाट होती की दुसऱ्या कोणी अधिक भाव देऊ केला तर विणकराने घेतलेली रक्कम परत करावी आणि करारातून मोकळे व्हावे. व्यापाऱ्याला मात्र ठरलेले कापड नाकारण्याची तशी मोकळीक नव्हती. इंग्रज, डच, फ्रेंच आणि देशी व्यापारी असे अनेक गिऱ्हाईक दाराशी असेपर्यंत या वहिवाटीला बळ होते. विणकर गरीब असेल, पण 'नाही' म्हणण्याचा हक्क त्याच्यापाशी होता.

तो हक्क कसा गेला, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. 1753 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमधील दादनी व्यापाऱ्यांना दूर सारले आणि आपल्या पगारी गुमास्त्यांमार्फत खरेदी सुरू केली. पुढे 1757 ची प्लासीची लढाई झाली, 1765 मध्ये दिवाणी मिळाली, आणि गिऱ्हाईक हाच राज्यकर्ता झाला. विल्यम बोल्ट्स याने 1772 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या काळाचे वर्णन केले आहे. गुमास्ता विणकरांकडून मुचलका लिहून घेई. त्यांची संमती आवश्यक मानली जात नसे. पैसे नाकारणाऱ्याच्या कमरेला ते बांधून, वर फटके मारून त्याला घालवून दिल्याचेही तो सांगतो. ठरविलेला भाव खुल्या बाजारापेक्षा किमान 15 टक्के आणि काही मालाच्या बाबतीत 40 टक्क्यांपर्यंत कमी असे. बोल्ट्स हा कंपनीचा माजी नोकर. 1768 मध्ये तिने त्याला बंगालमधून हद्दपार केले होते. त्यामुळे त्याची साक्ष पारखूनच घ्यावयास हवी.

याच ग्रंथातील एका मजकुराची पुढे दंतकथा झाली. इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले, असे घरोघरी सांगितले जाते. बोल्ट्सने लिहिले आहे ते निराळे आहे. कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी, त्या कामाची सक्ती टळावी म्हणून, स्वतःच आपले अंगठे कापून घेतल्याची उदाहरणे आहेत, असे तो म्हणतो. दंतकथेपेक्षा हे विधान अधिक भयंकर आहे. ज्या हातात घराचे सारे भांडवल साठविलेले, तो हातच कारागिराला शत्रू वाटावा, यापरती पराधीनता कोणती?

आणि तरीही बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नसते. तेच घर, तोच खड्डा, तोच धोटा. बदलला होता तो फक्त भाव ठरविण्याचा आणि गिऱ्हाईक निवडण्याचा अधिकार. उद्योग घरात राहिला होता. मालकी उंबरठ्याबाहेर गेली होती.

1813 च्या सनदी कायद्याने कंपनीची भारतातील व्यापाराची मक्तेदारी संपविली. पण त्याच वाटेने विलायती गिरण्यांचे कापड व सूत लोटले. या आघाताने सर्वांत आधी चरखा थांबला. दुपारच्या त्या चार घटकांची कमाई कोणाच्या वहीत कधी मांडली गेली नव्हती; म्हणून ती बुडाली तेव्हा तिचा हिशेब विचारणारेही थोडेच निघाले. विणकर मात्र पुरता नाहीसा झाला नाही. त्याने गिरणीचे सूत आपल्या मागावर चढविले. जॉन के याने 1733 मध्ये इंग्लंडात शोधलेला झटक्याचा धोटा विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील विणकरांत पसरू लागला, आणि त्याच हातांनी अधिक कापड निघू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी सोलापुरात आणि 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमिनांनी मालेगावात मागांची नवी वस्ती उभारली. पण उचल सुटली नाही. गुमास्त्याच्या जागी सावकार किंवा सूत देणारा व्यापारी आला, आणि लग्नकार्याला काढलेले कर्ज पुन्हा मागाच्या खात्यावर चढू लागले.

येथे घरच्या उद्योगातील एक अंतर्गत दोष उघड होतो. घर आणि धंदा एकाच छपराखाली असले की त्यांची पिशवीही एकच होते. सुतासाठी घेतलेले पैसे औषधाला जातात आणि कापडाचे आलेले पैसे सणाला. दारिद्र्यात हे अटळ असते, म्हणून त्याचा दोष कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु या एका वाटेने जितकी स्वातंत्र्ये गहाण पडली, तितकी राजाज्ञेनेही पडली नसतील.

सहकाराची कल्पना याच ठिकाणी उपयोगी पडली. 1904 च्या कायद्याने पतपेढ्यांना आणि 1912 च्या कायद्याने उत्पादक संस्थांनाही वाट मोकळी झाली. 1952 मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले. सूत एकत्र घ्यावयाचे, विणावयाचे घरोघरी, आणि विकावयाचे पुन्हा एकत्र, अशी ही योजना. जेथे सभासदांनी वही स्वतः तपासली तेथे ती टिकली. जेथे वही दोनचार मोठ्या मागवाल्यांच्या हाती गेली तेथे संस्था नावालाच उरली.

2019-20 च्या हातमाग गणनेत 31 लाखांहून अधिक कुटुंबे नोंदली गेली, आणि काम करणाऱ्यांत सुमारे 72 टक्के स्त्रिया आढळल्या. ज्यांचे श्रम पूर्वी घरकामात जमा धरले जात, त्यांची निदान मोजदाद तरी झाली. घरचा उद्योग माणसाला मान देतो, पण तो मान राखण्याची किंमतही मागतो: चुलीचा आणि धंद्याचा हिशेब वेगळा ठेवणे, घरातील प्रत्येक हाताचे श्रम त्या हिशेबात मांडणे, आणि उचल परत करण्याची ऐपत कधीही हातची न घालविणे. माग कोणाच्या घरात आहे, एवढ्यावरून तो कोणाचा हे ठरत नाही. विणलेले ठाण हाती घेऊन ज्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या दाराशी जाता येते, त्याचाच तो माग.