आग्या मुंगीचा प्रवास: पाराना नदीकाठापासून जगाच्या बंदरांपर्यंत

दक्षिण अमेरिकेत ब्राझीलचा दक्षिण भाग, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यात पॅराग्वे आणि पाराना या नद्या पावसाळ्यात पात्र सोडून दूरवर पसरतात. पूर ओसरला की काठावर उघडी, गाळाने सारवलेली जमीन उरते. फायर अँट म्हणून जगभर कुप्रसिद्ध झालेली आग्या मुंगी मूळची इथली. तिचे शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. रंग तांबूस तपकिरी आणि लांबी दोन ते सहा मिलिमीटर, त्यामुळे घरातल्या साध्या लाल मुंगीपासून ती पटकन वेगळी ओळखू येत नाही. गेल्या शंभर वर्षांत ती अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, तैवान, चीन आणि इटलीपर्यंत पोहोचली. यातला समुद्रापलीकडचा प्रत्येक टप्पा तिने माणसाच्या जहाजातून, मातीतून आणि मालातून ओलांडला.

तिची शरीररचना आणि राहणी पुराच्या प्रदेशाला साजेशी आहे. पाणी चढू लागले की वारुळातल्या मुंग्या एकमेकींचे पाय आणि जबडे धरून स्वतःचाच तराफा बनवतात. राणी, अंडी आणि अळ्या या तराफ्यावर सुरक्षित राहतात आणि संपूर्ण वसाहत कित्येक दिवस पाण्यावर तरंगते. जमीन लागेल तिथे नवे वारूळ उभे राहते. २०१७ साली हार्वी चक्रीवादळानंतर ह्यूस्टन शहराच्या तुंबलेल्या रस्त्यांवरून असे तपकिरी तराफे वाहताना लोकांनी पाहिले.

नव्या वसाहतीची सुरुवात एका राणीपासून होते. पाऊस पडून गेल्यानंतरच्या उबदार, वारा नसलेल्या दिवशी पंख असलेले नर आणि माद्या हवेत झेपावतात आणि तिथेच त्यांचे मीलन होते. नर लगेच मरतात. मादी खाली उतरते, पंख टाकून देते, जमिनीत छोटीशी खोली कोरते आणि आतून तोंड बुजवून घेते. पहिल्या अळ्यांना ती स्वतःच्या शरीरातल्या साठ्यावर पोसते. उडण्याच्या स्नायूंची आता गरज उरलेली नसते, म्हणून त्यांचाही यात उपयोग होतो. सुमारे महिनाभराने अगदी बारीक चणीच्या पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात आणि अन्न शोधू लागतात. त्यानंतर वाढ झपाट्याने होते. पूर्ण वाढलेल्या वसाहतीत दोन लाखांहून अधिक कामकरी मुंग्या असू शकतात. राणी सहा-सात वर्षे जगते आणि भराच्या काळात दिवसाला हजारावर अंडी घालते. वारुळाच्या मातीच्या ढिगावर येण्याजाण्याचे भोक दिसत नाही. मुंग्या जमिनीखालच्या आडव्या बोगद्यांतून दूरवर बाहेर पडतात.

ढिगाला धक्का लागला तर मात्र क्षणार्धात शेकडो मुंग्या पायावर चढतात. मुंगी आधी जबड्याने कातडी पकडते आणि मग शरीर फिरवत एकामागून एक डंख मारते. विषाचा मोठा भाग सोलेनॉप्सिन जातीच्या अल्कलॉइडांचा असतो. आगीसारखी जळजळ आणि दुसऱ्या दिवशी उठणारी पांढरी पुळी ही त्यांचीच करणी. विषात प्रथिने अगदी थोडी असतात, पण ज्यांना त्यांची ॲलर्जी असते त्यांच्या जिवावर बेतू शकते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले, अंड्यातून बाहेर पडणारी कासवे, नुकती जन्मलेली वासरे यांना पळता येत नाही. त्यांच्यावर या मुंग्या तुटून पडतात. विजेच्या पेट्या, रिले आणि वातानुकूलन यंत्रांतही त्या शिरतात आणि जोडण्या बंद पाडतात.

अमेरिकेतला इतिहास अलाबामा राज्यातल्या मोबील बंदरात सुरू होतो. १९१८ च्या सुमारास इथे आधी तिची काळी बहीण, सोलेनॉप्सिस रिक्टेरी, उतरली. लाल मुंगी, म्हणजे इन्व्हिक्टा, १९३० च्या दशकात आली. दक्षिण अमेरिकेहून येणाऱ्या जहाजांत तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या मातीतून किंवा मालातून हा प्रवास झाला असावा. जनुकांच्या अभ्यासावरून असे दिसते की लाल मुंगीची ही सारी प्रजा नऊ ते वीस राण्यांपासून वाढली. १९४२ साली मोबीलमधल्या एका रिकाम्या भूखंडावर तेरा वर्षांच्या एका मुलाने तिचे वारूळ टिपून ठेवले. तो मुलगा म्हणजे पुढे मुंग्यांचा जगद्विख्यात अभ्यासक झालेला एडवर्ड ओ. विल्सन. १९४९ साली, विद्यार्थी असतानाच, राज्याच्या वन्यजीव संवर्धन खात्यासाठी त्याने या मुंगीच्या प्रसाराची पहिली नीट पाहणी केली. लाल मुंगीने लवकरच काळीला हटवले. काळी आज मिसिसिपी, अलाबामा आणि टेनेसी यांच्या सीमेलगतच्या भागापुरती उरली आहे.

राणी स्वतःच्या पंखांवर साधारण एक-दोन किलोमीटर जाते, क्वचित वाऱ्याने त्याहून लांब. एवढ्या बळावर ती काही दशकांत दक्षिणेतली राज्ये व्यापू शकली नसती. ते काम रोपवाटिकांच्या व्यापाराने केले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. घरापुढे बाग आणि हिरवळ हवी म्हणून मुळाशी मातीचा गोळा असलेली झाडे, कुंड्या आणि लॉनचे रोल ट्रकांतून शेकडो किलोमीटर जाऊ लागले. त्या मातीत राण्या होत्या. १९५३ च्या सरकारी पाहणीत ही मुंगी १० राज्यांतल्या शंभराहून अधिक कौंट्यांत आढळली, आणि तिचे दूरचे ठिपके बहुतेक रोपवाटिकांच्या आसपास होते. मुंगी असलेल्या भागातून माती, रोपे आणि गवत बाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा केंद्रीय विलगीकरण नियम १९५८ च्या मे महिन्यात लागू झाला. तोवर दशकभराहून अधिक काळ हा व्यापार बिनरोक चालू होता, आणि झालेले नुकसान भरून निघण्यासारखे नव्हते.

यानंतरचा भाग या इतिहासातला सर्वांत दुःखद आहे. १९५७ साली अमेरिकी काँग्रेसने मुंगीच्या समूळ उच्चाटनासाठी २४ लाख डॉलर मंजूर केले. दक्षिणेकडच्या नऊ राज्यांतल्या सुमारे २ कोटी एकरांवर विष टाकण्याची योजना आखली गेली. विमानांतून हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन ही कीटकनाशके सुरुवातीला एकरी दोन पौंड या प्रमाणात पेरण्यात आली. शेते, कुरणे, गावे, तळी यांत कसलाही भेद केला गेला नाही. पक्षी, मासे, पाळीव जनावरे आणि शिकारीसाठी राखलेले बॉबव्हाइट लावे मरून पडले. लुइझियानातल्या उसाच्या शेतांत खोडकिड्याचा उपद्रव उलट वाढला, कारण त्या किड्याला खाणाऱ्या मुंग्याच मारल्या गेल्या होत्या. रेचल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या मोहिमेचा सविस्तर पंचनामा केला. तोवर दुधात आणि अन्नात हेप्टाक्लोरचे अंश सापडू लागल्याने त्याच्या वापरावर बंधने आली होती.

लगोलग दुसरे शस्त्र पुढे आले. मक्याच्या कणसाच्या भुश्यावर सोयाबीनचे तेल आणि त्यात मायरेक्स हे विष, असे ते आमिष होते. त्यामागची कल्पना चांगली होती. प्रौढ मुंगी घन अन्न गिळू शकत नाही. कामकरी मुंग्या तेल पोटात साठवून आणतात आणि तोंडातोंडी सगळ्या वसाहतीला, राणीलाही, पोहोचवतात. म्हणून विष थोडे लागते आणि राणीपर्यंत जाते. पण आमिष पुन्हा विमानांतूनच, तेही लक्षावधी एकरांवर सरसकट टाकले गेले. मायरेक्स वर्षानुवर्षे विघटित होत नाही, मासे आणि खेकडे यांच्या शरीरांत साठते. दक्षिणेतल्या माणसांच्या चरबीतही त्याचे अंश आढळले. १९७८ पर्यंत त्याचा वापर बंद करावा लागला. या सरसकट मोहिमांत आग्या मुंगीबरोबर तिच्याशी अन्नासाठी झगडणाऱ्या स्थानिक मुंग्याही नष्ट झाल्या. मोकळ्या जमिनीवर सर्वांत आधी परतली ती आग्या मुंगीच, कारण दरवर्षी हजारो राण्या हवेत सोडणे हीच तिची जगण्याची रीत. या साऱ्या लढ्याची तुलना विल्सन यांनी व्हिएतनाम युद्धाशी केली होती. ‘इन्व्हिक्टा’, म्हणजे ‘अजिंक्य’, हे नाव मुंगीला १९७२ साली विल्यम ब्यूरेन यांनी दिले, ते मायरेक्सचे आमिष टाकणे चालू असतानाच.

याच सुमारास, १९७३ साली, मिसिसिपीत एका वारुळात अनेक राण्या एकत्र नांदताना आढळल्या. एरवी एका वारुळात एकच राणी असते आणि शेजारच्या वारुळातल्या मुंग्यांशी वैर असते. बहुराणी वसाहतींत हे वैर उरत नाही. म्हणून एकरात शेकडो वारुळे दाटीने उभी राहतात. राणी उडून न जाता काही कामकरी मुंग्यांना बरोबर घेऊन पायीच बाजूला नवे घर थाटते. हा फरक एका गुणसूत्रावरच्या जोडून राहणाऱ्या जनुकांच्या गटामुळे पडतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. मातीच्या एका गोळ्यात राणी सापडण्याची शक्यता अशा वसाहतींत कितीतरी जास्त, त्यामुळे मालवाहतुकीतून पसरण्यासाठी हा प्रकार अधिक घातक आहे.

मूळ प्रदेशात या मुंगीची एवढी दाटी होत नाही. तिथे तिच्यावर जगणारे शत्रू आहेत. स्यूडॅक्टिऑन ही बारीक माशी मुंगीच्या अंगात अंडे घालते. अळी मुंगीच्या डोक्यात वाढते आणि शेवटी डोके गळून पडते. ही माशी आणून १९९७ पासून फ्लोरिडात आणि मग इतरत्र सोडण्यात आली. मुंगी यामुळे संपत नाही, पण माश्या घिरट्या घालताना ती अन्नासाठी बाहेर पडायला कचरते. फ्लोरिडात जोशुआ किंग आणि वॉल्टर शिंकेल यांनी केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. नांगरलेल्या, उकरलेल्या जमिनीत आग्या मुंगी जोमाने वाढली. न हलवलेल्या नैसर्गिक जंगलात स्थानिक मुंग्याच टिकून राहिल्या. याचा अर्थ असा की तिची वाट माणूस आधी मोकळी करतो आणि मग ती येते.

अमेरिकेच्या दक्षिण भागातून ती पुढे निघाली. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ती पक्की स्थिरावल्याचे दिसले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला, २००३ मध्ये तैवानला आणि २००४ मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात ती सापडली. २०११ साली जगभरच्या दोन हजारांहून अधिक वसाहतींच्या जनुकांची तुलना झाली. किमान नऊ वेगवेगळ्या आक्रमणांचे मूळ दक्षिण अमेरिकेत नसून संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात आहे, आणि तैवानची एक स्वारी कॅलिफोर्नियामार्गे झाली, असे त्यातून समजले. मोबीलमध्ये वेळेवर न रोखलेली मुंगी अशी जगाच्या वाट्याला आली.

लवकर सापडली तर ती हटवता येते, याचे दाखलेही आहेत. न्यूझीलंडमध्ये २००१ साली ऑकलंडच्या विमानतळावर एक वारूळ आढळले. ते नष्ट करून आसपास दीर्घकाळ तपासणी झाली, आणि देशात ती आजवर स्थिरावू शकलेली नाही. जपानने २०१७ मध्ये कोबे भागात कंटेनरमधून उतरलेल्या मुंग्या बंदरातच रोखण्यासाठी मोठी यंत्रणा उभी केली. ब्रिस्बेनमध्ये आमिष आणि वासावरून वारूळ शोधणारी शिकवलेली कुत्री वापरून बंदराजवळची वसाहत नाहीशी करण्यात आली. शहराच्या पश्चिमेकडची वसाहत मात्र हाती लागेपर्यंत फार पसरलेली होती. तिच्याशी झुंज दोन दशकांनंतरही चालू आहे आणि २०२३ मध्ये मुंगी शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पोहोचली. त्याच वर्षी सिसिलीत सिराक्यूज शहराजवळ ८८ वारुळे आढळली आणि युरोपातही ती स्थिरावल्याचे स्पष्ट झाले.

भारतात सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा स्थिरावल्याची नोंद नाही. तिची जवळची नातलग, उष्ण प्रदेशातली आग्या मुंगी सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मात्र इथे केव्हाच रुळली आहे. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या बिंगहॅम यांच्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या मुंग्यांवरच्या खंडात तिचा समावेश आहे. जनुकांच्या अभ्यासानुसार ती सोळाव्या शतकात मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून आशियात आली आणि तिथून व्यापाराच्या वाटांनी पसरली. समुद्र ओलांडण्याची दोघींची पद्धत एकच आहे. आयात रोपांबरोबर माती आणण्यास २००३ च्या भारतीय वनस्पती विलगीकरण आदेशाने मनाई केली आहे. इन्व्हिक्टाला अडवणारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची तटबंदी हीच. बंदरांवर, गोदामांत आणि रोपवाटिकांत या मनाईची अंमलबजावणी ढिली पडता कामा नये.